पुण्याहून एक दिवसाची वसंत सहल: होडी उत्तम, बस घाईची

मार्चच्या पहिल्या रविवारी मी आणि माझ्या थोरल्या नणंद अशा आम्ही दोघी पुण्यातील एका सहल कंपनीच्या एक दिवसाच्या ‘वसंत विशेष’ सहलीला जाऊन आलो. माणशी १,८०० रुपये, सतरा आसनांची टेम्पो ट्रॅव्हलर, पहाटे साडेचारला स्वारगेटहून प्रस्थान, सात वाजता भिगवणला उजनीच्या जलाशयात होडीतून पक्षीदर्शन, दुपारी मासळीची थाळी, नंतर मयूरेश्वर अभयारण्यात चिंकारा हरणे, येताना ‘पळसाचे फुललेले रान’, सासवडला अंजीर आणि संध्याकाळी साडेसातला पुन्हा स्वारगेट, अशी कार्यक्रमपत्रिका होती. कागदावर ती मोहात पाडणारी आहे यात शंका नाही. प्रत्यक्षात तिच्यातल्या दोन गोष्टी पैसे वसूल करून देतात, दोन निव्वळ भरतीच्या आहेत आणि एक सरळसरळ चुकीची आहे. तीन आठवड्यांनी आम्ही हाच प्रवास स्वतःच्या गाडीने आणि स्वतःच्या वेळापत्रकाने पुन्हा केला, त्यामुळे तुलना करण्याचा थोडा अधिकार मला आहे असे मी समजते. कंपनीचे नाव देत नाही, कारण माझी तक्रार तिच्या प्रामाणिकपणाबद्दल नसून सहलीच्या आखणीबद्दल आहे.

पंचांगाप्रमाणे वसंत म्हणजे चैत्र आणि वैशाख, पण वसंतपंचमी मात्र माघात येते आणि पुण्याच्या आसपासची झाडे या वादात माघाच्या बाजूने कौल देतात. काटेसावर फेब्रुवारीतच पाने गाळून लाल होते, पांगारा आणि पळस तिच्या मागोमाग येतात आणि चैत्र उजाडेपर्यंत करंजाची कोवळी पोपटी पालवीसुद्धा जून व्हायला लागलेली असते. तेव्हा मार्चचा पहिला रविवार निवडण्यात कंपनीची काहीच चूक नव्हती. तारीख त्यांनी अचूक निवडली होती. बिनसले ते घड्याळापाशी.

स्वारगेटला आम्ही चार वाजून वीस मिनिटांनी हजर होतो. गाडी पाच वाजायला दहा कमी असताना आली. त्यानंतर मगरपट्टा, हडपसर आणि लोणी काळभोर असे तीन थांबे घेताना एका कुटुंबाची आपण वीस मिनिटे वाट पाहिली आणि लोणी सोडले तेव्हा पूर्वेकडे फटफटायला लागले होते. सहल आयोजित करणाऱ्याला हे सगळे किरकोळ वाटू शकते, कारण तासाभराच्या उशिराने जेवण चुकत नाही की देवदर्शन चुकत नाही. पाणपक्ष्यांच्या बाबतीत मात्र सूर्योदयानंतरचा पहिला तास हाच खरा माल असतो आणि तोच वाटेत सांडला तर उरलेल्या दिवसाला आपण कितीही सजवले तरी त्याची भरपाई होत नाही. साडेआठनंतर पाण्यावर उन्हाची झळ दिसू लागते, दुर्बिणीतून पाहिलेला पक्षी थरथरतो आणि छायाचित्रे तर विचारूच नका.

त्यात भर म्हणून यवतच्या पुढे महामार्गालगतच्या एका मोठ्या हॉटेलात नाश्त्यासाठी पाऊण तासाचा थांबा घेण्यात आला. इडली गार होती आणि चहा गोड होता, याहून अधिक काही त्या नाश्त्याबद्दल लिहिण्यासारखे नाही. परंतु हॉटेलच्या कुंपणापलीकडे एक गुऱ्हाळ चालू होते आणि त्याबद्दल मात्र लिहिले पाहिजे. दौंड तालुका हा उसाचा आणि गुळाचा मुलूख आहे. सोलापूर रस्त्याने या दिवसांत जाणाऱ्याला उसाने शिगोशीग भरलेले ट्रॅक्टर आणि बैलगाड्या दिसतातच, पण बसमधल्या पंधरा माणसांपैकी कोणालाही मार्गदर्शकाने त्या धुराड्याकडे बोट दाखवले नाही. आम्ही दोघी न विचारताच गेलो. एक माणूस चुलाणात वाळलेली चिपाडे सारत होता, काहिलीत रस रटरटत होता आणि त्यात भेंडीचे पाणी पडले की वर जमणारी काळपट मळी दुसरा माणूस लांब दांड्याच्या झाऱ्याने अलगद काढून घेत होता. गुळव्या मात्र काही न करता उभा होता, निदान आम्हाला तसे वाटले. मग त्याने उकळत्या पाकाचे चार थेंब गार पाण्यात सोडले, बोटांनी त्यांची गोळी होते का ते चाचपले, मानेनेच ‘अजून नाही’ असे सांगितले आणि पुन्हा तसाच उभा राहिला. त्या अवस्थेतली काकवी त्याने आम्हाला द्रोणात घालून दिली. पैसे घेतले नाहीत, अर्धा किलो गूळ मात्र घ्यायला लावला, आणि तो गूळ आम्ही आनंदाने घेतला. कंपनीने हॉटेलऐवजी गुऱ्हाळावर अर्धा तास थांबण्याची व्यवस्था केली, तर सहलीचा खर्चही कमी होईल आणि तिला निदान एक तरी अशी गोष्ट मिळेल जी इतर सहलींत नाही.

भिगवणजवळच्या कुंभारगावात आम्ही पोहोचलो तेव्हा साडेआठ होत आले होते. पुण्यापासून हे अंतर साधारण शंभर किलोमीटर आहे. भीमा नदीवर उजनीचे धरण १९८० मध्ये पूर्ण झाले आणि त्याच्या फुगवट्याने नदीकाठची शेते आणि गावे पाण्याखाली गेली. आज ज्याला आपण पक्ष्यांचे नंदनवन वगैरे म्हणतो ते मुळात या फुगवट्याचे उथळ काठ आहेत, आणि येथे होडी चालवणारे बहुतेक जण मासेमारी करणाऱ्या कुटुंबांतले आहेत. हे सांगण्याचे कारण असे की या सहलीत ज्ञान असलेला एकमेव माणूस आमचा नावाडी होता. कंपनीचा मार्गदर्शक काठावर थांबला.

पंधरा जणांना तीन होड्यांत बसवण्यात आले. प्रत्येकाला लाईफ जॅकेट दिले गेले, जरी माझ्या जॅकेटचा एक पट्टा सुतळीने बांधलेला होता. खोल पाण्यातून इंजिन लावून होडी बाहेर काढल्यावर नावाड्याने ते बंद केले आणि पुढचा सगळा प्रवास लांब बांबूने तळ रेटत केला. हा बदल माझ्या दृष्टीने संपूर्ण सहलीतला सर्वांत मोलाचा क्षण होता, कारण इंजिन थांबताक्षणी आपण पाहुणे राहत नाही आणि पाण्याचे आवाज ऐकू येऊ लागतात. शेवाळात चमच्या पक्ष्याची चोच डावी-उजवीकडे फिरत होती. नदी सुरय नावाचे पक्षी पाण्यावर तरंगत येऊन एकदम सूर मारत होते. राखी बगळा खांबासारखा उभा होता आणि आमच्याकडे पाहून न पाहिल्यासारखे करत होता.

रोहित म्हणजे फ्लेमिंगो पक्ष्यांचा थवा दीडशे-दोनशेचा असावा. दुरून तो पांढराच दिसतो, आणि होडीतल्या एका गृहस्थांनी ‘हे तर गुलाबी नाहीतच’ अशी निराशा मोठ्याने व्यक्त केली. त्याबरोबर थव्याच्या कडेच्या पंधरा-वीस माना एकदम वर झाल्या. “मावशी, काका, आता कोणी बोलू नका,” नावाडी हळूच म्हणाला, “माना वर झाल्या की समजायचं त्यांना आपण नको झालोय.” त्याने बांबू चिखलात रोवला, होडी त्याला धरून स्थिर केली आणि आम्ही सारे जण शाळेतल्या मुलांसारखे गप्प बसलो. पाच-सात मिनिटे काहीच झाले नाही. मग एकेक मान पुन्हा खाली गेली, चोच उलटी होऊन पाण्यात बुडाली आणि ते पायांनी जागच्या जागी चिखल तुडवत, तो ढवळून त्यातले बारीक जीव आणि शेवाळ गाळून घेऊ लागले. त्यांच्या अंगाचा रंगही याच खाण्यातून येतो. पिल्ले राखाडी असतात आणि वर्षांमागून वर्षे खाऊनपिऊन गुलाबी होतात. शेवटी थव्याने स्वतःच्या मर्जीने जागा बदलली. पाण्यावर दहा-बारा पावले धावत ते उठले आणि पंख उघडताच मघाचा पांढरा पक्षी कुठल्या कुठे गेला: पंखाचा पुढचा भाग कुंकवासारखा लाल, मागची कड काळी. अग्निपंख हे नाव ज्याने दिले त्याने हा पक्षी बसलेला नव्हे, उठताना पाहिला असणार. मघाच्या गृहस्थांनी या वेळी काही शेरा मारला नाही.

होडीचा हा दीड तास कंपनीने कार्यक्रमपत्रिकेत ‘४५ मिनिटे’ असा लिहिला आहे. उरलेली पाऊण तास नावाड्याने स्वतःच्या खुशीने दिली आणि काठावरून मार्गदर्शक हात हलवत असताना त्याने तिकडे पाठ फिरवली, याबद्दल त्याला वेगळे पैसे देणे आम्हाला आवश्यक वाटले.

येथे एक गोष्ट जाणाऱ्याने लक्षात ठेवायला हवी. भिगवणचा वसंत हा आगमनापेक्षा निरोपाचा काळ आहे. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले पट्टकदंब हंस, चक्रवाक, थापट्या आणि इतर बदके थंडीसाठी आलेली असतात आणि मार्चमध्ये ती उत्तरेकडे परतू लागतात. रोहितांचे गणित वेगळे आहे. पाणी जसजसे ओसरते तसतसा चिखल उघडा पडतो आणि त्यांची पंगत वाढत जाते. म्हणजे ज्या वर्षी पाऊस भरपूर झाला आणि धरण काठोकाठ भरले, त्या वर्षी त्यांच्यासाठी मार्चअखेरीपर्यंत थांबलेले बरे. उजनीची एकूण साठवण सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट) आहे आणि तिच्यातला निम्म्याहून अधिक साठा मृतसाठा, म्हणजे टक्केवारीत न धरलेले तळाचे पाणी, असल्यामुळे उन्हाळ्यात वर्तमानपत्रे ‘उजनी उणे इतके टक्के’ अशी बातमी देतात. सोलापूरकर ती बातमी काळजीने वाचतात आणि पुण्याचे पक्षीनिरीक्षक तीच बातमी पाहून गाडीत पेट्रोल भरतात, हे मला अजूनही थोडे अवघडल्यासारखे वाटते.

जेवणाबद्दल थोडक्यात सांगते. थाळी एका ढाब्यावर होती. मासे ताजे होते, चिलापीचा तळलेला तुकडा काट्यापासून सहज सुटत होता आणि रस्सा तिखट असला तरी त्यात मसाल्याचा भडिमार नव्हता. माझ्या नणंद शाकाहारी आहेत. त्यांच्यासमोर पनीरची लाल भाजी आणि तंदुरी रोटी आली. ज्या भागात दर दुसऱ्या घरात भाकरी, पिठले आणि शेंगदाण्याची चटणी मिळू शकते त्या भागात शाकाहारी माणसाला पनीर वाढणे हा अपराध म्हणता येणार नाही, पण आळस निश्चित म्हणता येईल.

यानंतरचा भाग म्हणजे मयूरेश्वर अभयारण्य. सुपे गावाजवळचे हे अभयारण्य १९९७ मध्ये जाहीर झाले, क्षेत्रफळ जेमतेम पाच चौरस किलोमीटर, आणि चिंकाऱ्यासाठी ते ओळखले जाते. त्याच्या लहानपणाबद्दल माझी तक्रार नाही. गवताळ माळ हीसुद्धा राखण्याची गोष्ट आहे, त्याला पडीक जमीन समजू नये, हे पुण्याच्या माणसाला येथे चांगले कळते. तक्रार वेळेबद्दल आहे. दुपारी पावणेतीन वाजता, गवत वाळून पिवळे झालेले असताना आणि जमिनीतून झळा येत असताना कोणता प्राणी आपल्याला दर्शन देण्यासाठी उभा राहील? आम्हाला बोरीच्या सावलीत बसलेला एक चिंकारा दिसला, म्हणजे त्याचे कान दिसले. बसमधले अर्धे लोक खाली उतरलेच नाहीत. हे ठिकाण सकाळी सात वाजता किंवा संध्याकाळी पाचनंतर स्वतंत्रपणे पाहावे, भिगवणच्या सहलीला शेपटासारखे जोडू नये.

आता जे सरळसरळ चुकीचे होते त्याकडे येते. परतीच्या वाटेवर मोरगावच्या पुढे मार्गदर्शकाने ध्वनिक्षेपक हातात घेऊन ‘डाव्या बाजूला पाहा, पळस’ अशी घोषणा केली. बस ताशी सत्तरच्या वेगाने जात होती. डाव्या बाजूला पांगारा होता. दोन्ही झाडे या दिवसांत निष्पर्ण असतात, दोन्हींची फुले तांबड्या रंगाची असतात, तेव्हा धावत्या गाडीतून गोंधळ होऊ शकतो हे मान्य आहे. परंतु ज्याला पळस दाखवण्याचे पैसे मिळतात त्याचा होऊ नये. पांगाऱ्याचे बुंधे आणि फांद्या काटेरी असतात आणि फुलांचे लालभडक तुरे फांदीच्या टोकाला बाहेरच्या बाजूस पसरलेले असतात. पळसाला काटा नसतो, खोड वेडेवाकडे असते, फूल केशरी आणि पोपटाच्या चोचीसारखे बाकदार असते आणि त्याचा देठाकडचा पेला हाताला मखमलीसारखा लागतो, रंगाने जवळजवळ काळा. हे काळे-केशरी जोडकाम पाच फुटांवरून पाहिल्याशिवाय पळस पाहिला असे म्हणूच नये. ‘फुललेले रान’ तर कुठेच नव्हते. सासवडच्या अलीकडे एका बांधावर खरे पळस दिसले, दोनच. मी ओरडून गाडी थांबवायला लावली, आम्ही सहा जण उतरलो आणि खाली पडलेली फुले ओच्यात गोळा करून आणली. रंगपंचमीला ती उकळून त्यांचे पाणी केले. पिवळसर केशरी रंग आला आणि कपड्यांवरून तो दोन धुण्यांत गेला.

खरे सांगायचे तर झाडांचा वसंत पाहण्यासाठी सोलापूर रस्ता धरण्याचे काही कारणच नाही. ज्याला गुडघ्यांची तक्रार नाही त्याने फेब्रुवारीच्या शेवटी सकाळी साडेसहाला वेताळ टेकडी चढावी. तिथे गेली काही वर्षे गिरिपुष्पाच्या फिकट गुलाबी बहराची छायाचित्रे काढण्यासाठी झुंबड उडते आणि हौशी मंडळी त्याला जपानी चेरीची उपमा देतात. फुले सुंदर आहेत हे मी नाकारत नाही, पण हे झाड मध्य अमेरिकेतले, वनखात्याने टेकड्या हिरव्या करण्यासाठी लावलेले, आणि उंदीरमारी हे त्याचे दुसरे नाव त्याच्या स्वभावाबद्दल पुरेसे सांगून जाते. त्याला ओलांडून थोडे पुढे गेले की सालई, मोई, वारस, गणेर अशी इथली झाडे भेटतात. गणेराच्या पर्णहीन फांदीच्या टोकाला वाटीएवढे पिवळेधमक फूल असते, त्याला सोनसावर असेही म्हणतात, आणि त्यासमोर मी दोन मिनिटे उभी राहिले तेवढ्यात दोन भुंगे आणि एक शिंजीर पक्षी त्यावर येऊन गेले. गिरिपुष्पाखाली इतकी वर्दळ मला दिसली नाही. ज्यांच्याबरोबर वयस्कर माणसे आहेत त्यांनी एम्प्रेस गार्डनमध्ये जावे. ॲग्री हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया ही संस्था ती बाग सांभाळते. जानेवारीतल्या पुष्पप्रदर्शनाची गर्दी ओसरल्यानंतर, मार्चमध्ये तिथल्या जुन्या वृक्षांखाली आणि दोरखंडासारख्या जाड वेलींच्या सावलीत बसायला निवांत जागा मिळते. या दोन्ही ठिकाणी जायला कोणत्याही कंपनीची गरज नाही.

अंजिरांबद्दल मात्र कंपनीला पैकीच्या पैकी गुण. पुरंदरच्या अंजिराला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्याचे दोन बहर असतात, हिवाळ्यातला खट्टा आणि वसंत-उन्हाळ्यातला मीठा, आणि नावावरूनच कोणता घ्यावा हे समजते. बस रस्त्यावरच्या टोपल्यांपाशी न थांबता थेट एका बागेत नेण्यात आली. बागवानाने सांगितले की टोपलीत वरच्या थराला फसू नका. देठाशी पांढरा चीक अजून ओला आहे आणि तळाशी किंचित चीर पडली आहे असे फळ त्या दिवशी खावे, घट्ट असलेले दुसऱ्या दिवसासाठी ठेवावे, तिसरा दिवस पाहू नये. आम्ही दोन किलो घेतले. दिवे घाट उतरेपर्यंत त्यातले अर्धा किलो संपले होते. स्वारगेटला पोहोचायला पावणेनऊ झाले.

आता दुसऱ्या वेळेबद्दल. मार्चच्या चौथ्या रविवारी आम्ही दोघी आणि माझे यजमान पहाटे पावणेचारला कोथरूडहून निघालो आणि सव्वासहाला कुंभारगावच्या काठावर होतो. नावाड्याला आदल्या दिवशी फोन करून ठेवला होता. पाणी बरेच खाली गेले होते, बदके जवळपास सगळी निघून गेली होती आणि रोहित नावाड्याच्या अंदाजाने हजाराच्या घरात होते. सूर्य वर आला तेव्हा आम्ही त्यांच्यापासून आदबशीर अंतरावर स्थिर होतो आणि आजूबाजूला दुसरी एकही होडी नव्हती. नाश्त्याला नावाड्याच्या घरून भाकरी, ठेचा आणि दही आले. नणंदेच्या चेहऱ्यावरून पनीराचे दुःख त्या दिवशी उतरले. मग भादलवाडीच्या तलावावर गेलो, जिथे पाण्यातल्या झाडांवर चित्रबलाक करकोच्यांची वसाहत असते आणि पिल्लांच्या कलकलाटाने शेजारच्या माणसाचे बोलणे ऐकू येत नाही. हे ठिकाण भिगवणपासून अगदी जवळ असूनही सहलीत नव्हते याचे मला नवल वाटले. पाणी फारच उतरले तर पळसदेवचे धरणात बुडालेले जुने पळसनाथाचे मंदिरही उघडे पडते. आमच्या वेळी ते तेवढे उतरलेले नव्हते. दुपार आम्ही कडुलिंबाखाली झोपून काढली, आणि वसंतात पुण्याबाहेर जाणाऱ्या प्रत्येकाने दुपारी बारा ते चार हे चार तास असेच काढावेत अशी माझी शिफारस आहे.

खर्चाचा हिशेब असा: पेट्रोल आणि टोल मिळून १,९००, होडीचे १,२००, खाण्याचे ७००, एकूण ३,८००. तिघांत माणशी तेराशेच्या आत. दोघेच असाल तर कंपनीची सहल फार महाग नाही, आणि एकट्या माणसाला किंवा गाडी नसलेल्याला ती परवडणारीच आहे, हे न्यायाने सांगितले पाहिजे.

संध्याकाळी निघण्याच्या बेतात असताना नावाड्याने थांबायला सांगितले. सहा वाजून गेल्यावर उसाच्या फडावर भोरड्यांचा पहिला थवा आला, मग दुसरा, मग किती ते मोजण्यापलीकडे गेले. पळस आणि सावरीच्या फुलांतला मध पिणारा हा पक्षी, म्हणून त्याला पळसमैना असेही म्हणतात. अंग फिकट गुलाबी, डोके आणि पंख काळे. मध्य आशियाकडे परतण्यापूर्वी त्या या दिवसांत हजारोंनी एकत्र रात्रीचा मुक्काम करतात. सगळा थवा एका अंगाने वळला की आकाशात गडद होत होता आणि दुसऱ्या अंगाने वळला की विरघळून जात होता, जणू कोणी भली मोठी चाळणी तिरकी-सरळ करत होते. वीस मिनिटांनी कोणीतरी बूच काढल्यासारखा तो सगळाच्या सगळा उसात उतरला आणि फड नुसता किलबिलत राहिला. मी भारावून गेले होते. नणंदांचे माहेर बार्शीकडचे, त्या शांतपणे म्हणाल्या, “अगं, या मेल्या आमच्या जोंधळ्यावर पडायच्या. माळ्यावर बसून गोफणीने हाकलून हाकलून हात दुखायचे.” मग आणखी थोडा वेळ पाहून म्हणाल्या, “तेव्हा कधी वर बघितलंच नाही.”

सहलीनंतर मी कंपनीला सविस्तर पत्र लिहिले होते. त्यांचे उत्तर आठ दिवसांत आले आणि ते सभ्य होते. झाडांसाठी पुढच्या वर्षी जाणकार माणूस घेऊ, लाईफ जॅकेटांचे पट्टे तपासून घेण्यास होडीवाल्यांना सांगू, मयूरेश्वर वगळून भादलवाडी घेण्याचा विचार करू असे त्यांनी कळवले. गाडी साडेतीनला सोडण्यास मात्र त्यांची तयारी नाही, कारण त्या वेळेला नोंदणीच होत नाही असा त्यांचा अनुभव आहे. संध्याकाळपर्यंत थांबण्याबद्दल त्यांनी विचारले की सहानंतर तिथे पाहण्यासारखे काय असते. मी त्यांना त्या उसाच्या फडाची जागा आणि वेळ कळवली आहे.